पिनॉकबाईंचं अर्धं वाक्य

पिनॉकबाईंनी टॅनर्स वुड या रानाच्या फाटकाची साखळी कटरने तोडली आणि कुलूप डबक्यात भिरकावलं, असं आमच्या मकल्टन गावात फेब्रुवारीपासून जो तो छातीठोक सांगत होता. सगळ्यांत जास्त मीच. शाळेच्या बसथांब्यावर मी ती साखळी रोज सकाळी नकलेत तोडायची. आधी 'खट्', मग 'डुबुक्', मग एकाहत्तर वर्षांच्या बाईची हात झटकत निघून जाणारी चाल. पोरं खूश.

खरं असं की साखळी तोडली प्रेस्कॉटच्याच गड्याने. प्रेस्कॉट म्हणजे रानाचा नवा मालक. त्याने फाटकाला कुलूप ठोकलं आणि गड्याने त्याच सकाळी किल्ली चरात पाडली, तीही ट्रॅक्टर आत असताना. पिनॉकबाई तिथे होत्या, कारण रोज बाराच्या सुमारास त्या जेवणाची टोपली घेऊन तिथूनच जात. गडी साखळी कापत होता तेवढा वेळ त्यांनी त्याची टोपी धरली. बस, एवढाच त्यांचा गुन्हा. तासाभरात नवी साखळी लागली. बाईंना आत सोडलं नाही; त्या आल्या पावली फिरल्या आणि क्वारी लेनने गेल्या.

क्वारी लेन आमच्याकडे कुणी पायी जात नाही. दोन्हीकडे पुरुषभर उंच मातीचे बांध, वर हेझलचं दाट कुंपण, मध्ये एका ट्रकपुरता डांबराचा पट्टा. पाऊल ठेवायला कड नाही. खाणीतले दगडाचे ट्रक दर दहा मिनिटांनी येतात. ट्रक आला की पाठ बांधाला लावायची, पोट आत घ्यायचं आणि श्वास धरायचा. मार्चमध्ये एका ट्रकच्या आरशाने बाईंच्या हातातली टोपली उडवली. विल्फसाठी केलेलं गोड, रुबार्बचं क्रंबल, सगळं कुंपणात. बाईंचं मनगट आठवडाभर सुजलेलं होतं.

विल्फ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ; टोपली जायची त्याच्याकडे. तो रानापलीकडच्या झोपडीवजा घरात एकटा राहतो. त्याची नजर जवळपास गेली आहे. डोळ्यांच्या कडेने काय दिसेल तेवढंच. पण रानातली वाट त्याच्या पायांना पाठ. बीचच्या झाडाची मुळं, मग ओढ्यावरची फळी, मग हॉलीची टोचणारी फांदी, मग गाव. दर गुरुवारी तो एकटा यायचा, दुकानात तंबाखू घ्यायचा, पबमध्ये अर्धा ग्लास संपवायचा आणि परत जायचा. कुलूप लागल्यावर हट्टाने दोनदा लेनने निघाला. दुसऱ्या वेळी ट्रकवाल्याने ब्रेक मारला तेव्हा बंपर आणि विल्फ यांच्यात हातभर जागा होती. ट्रकवाल्यानेच त्याला हाताला धरून घरी सोडलं आणि बाईंना सांगितलं, "आजी, पुढच्या वेळी मीच असेन असं नाही हो."

म्हणून गावाने अर्ज केला, वाट सार्वजनिक आहे म्हणून. कायदा सोपा आहे आणि विचित्र आहे. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने उघडपणे, मोडतोड न करता आणि कुणाची परवानगी न घेता चालले असतील, तर ती वाट सगळ्यांची. म्हणजे जो मुकाट्याने चालला त्याची वाट, आणि ज्याने सभ्यपणे विचारलं त्याला मालकाची मेहेरबानी. आणि साखळी तोडणं म्हणजे मोडतोड, म्हणून ती अफवा आमच्या अंगाशी येणार होती. हे कळल्या दिवशी मी बसथांब्यावरचा खेळ बंद केला.

गावाचा पुढारी डेरेक स्पिंक. जन्म गुरांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात गेला, त्यामुळे याचं 'गुड मॉर्निंग'सुद्धा तीन वेळा पुकारल्याशिवाय संपत नाही. आणि मुख्य साक्षीदार पिनॉकबाई, कारण त्यांच्याइतकी ती वाट कुणीच तुडवलेली नाही. आता बाईंचं बोलणं असं, की त्या तीन शब्द बोलतात आणि थांबतात. विसरल्या म्हणून नाही; पुढचे शब्द यायचे असतात, ते येतात आपल्या पायांनी. तोवर दुकानदार, पाद्री, डॉक्टर, जो समोर असेल तो त्यांचं वाक्य पूर्ण करून टाकतो. मी गावातल्या कुणाचीही नक्कल करू शकते, बाईंची जमत नाही. पाहणाऱ्यांना वाटतं मीच अडकले.

अर्जावरच्या सरकारी चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात तालीम झाली. मालकाचा वकील मीच, नाक वर करून.

"मिस पिनॉक, या वीस वर्षांत आपण या वाटेसाठी कुणाची परवानगी मागितलीत?"

बाईंनी स्ट्यूमधला चमचा थांबवला. "एकदा विचारलं होतं... लिडियार्डसाहेबांना..."

डेरेकच्या हातातला चहा बशीत सांडला. लिडियार्ड म्हणजे रानाचे आधीचे मालक, सहा वर्षांपूर्वी वारलेले.

"नाही! नाही नाही नाही!" डेरेक बाईंवर ओरडला. "हेस्टर, हे तू बोलली नाहीस, मी ऐकलं नाही, ही पोरगी इथे नव्हतीच!"

"अरे, विल्फची खुर्ची न्यायची होती... ढकलगाडीवरून..."

"खुर्ची गेली खड्ड्यात! अगं, एवढ्याने केस मेली आपली! लिडियार्ड वर गेला, सांगायला परत येतोय का? विचारलं की म्हणायचं 'नाही'. एक शब्द. म्हण बघू."

बाई पुन्हा स्ट्यू ढवळू लागल्या. डेरेकने ते कबूल धरलं, टोपी घातली आणि गेला.

मी भांडी पुसत म्हटलं, "पिनॉकबाई, तुम्ही 'नाही'च म्हणाल. कुणीही म्हणेल. विल्फसाठी तरी."

"मी खोटं... नाही बोलत, पोरी."

"उद्या बोलाल. पैज?"

"काय लावतेस?"

"तुम्ही म्हणाल ते."

त्यांनी खिडकीतून रानाकडे पाहिलं. "हरलीस तर वाटेवरची ब्रॅम्बलची काटेरी जाळी... सगळी तू कापायची. फाटकापासून विल्फच्या दारापर्यंत."

"आणि वाटच गेली तर?"

"मग कापायचं कशाला," बाई म्हणाल्या.

हात मिळवला.  पैज मला जिंकायची होती, कारण मी जिंकले तर विल्फची वाट राहणार होती.

दुसऱ्या दिवशी गावाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. पुढे टेबलावर चौकशी अधिकारी बाई, चिखलाचे बूट आधीच घालून आलेल्या, कारण नंतर रान पाहायचं होतं. डावीकडे प्रेस्कॉटची वकील, मिस थॉर्न. आवाज असा, जणू आजारी माणसाच्या उशाशी बसली आहे. तिने आधी साखळीचा विषय काढला. प्रेस्कॉटचा गडी मागून लाल होत म्हणाला, "ती मी कापली, मॅडम. किल्ली पडली होती." लोक हसले. मिस थॉर्नही हसली आणि तसंच हसत बाईंकडे वळली.

"मिस पिनॉक, आपण अतिशय सभ्य बाई आहात असं सगळे सांगतात."

"थँक यू."

"दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकण्याआधी सभ्य माणूस विचारतो. आपण कधी विचारलंत?"

 पहिल्या रांगेत विल्फ मान तिरकी करून बसला होता, डोळ्याच्या कडेने बहीण दिसावी म्हणून. डेरेकचे ओठ 'नाही' असे हलत होते, आवाज न करता, पुन्हा पुन्हा, पहिली बोली, दुसरी बोली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग विल्फकडे. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. म्हणा ना, मी मनात ओरडत होते, म्हणून टाका!

"हो," पिनॉकबाई म्हणाल्या. "एकदा विचारलं होतं."

"कुणाला?"

"लिडियार्डसाहेबांना. चौदा वर्षांपूर्वी... ऑक्टोबरात..."

"आभारी आहे," मिस थॉर्न पटकन म्हणाली. "मला आणखी काही विचारायचं नाही." आणि बसली.

मागून कुणीतरी म्हणालं, "झालं कल्याण." डेरेकने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. विल्फ हलला नाही, फक्त काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला रडू यायला लागलं आणि रागही, त्या हट्टी, खरं बोलणाऱ्या म्हातारीचा.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "थांबा. मिस पिनॉकचं वाक्य संपलेलं दिसत नाही."

माझ्या आठवणीत गावात हे त्यांना कुणी म्हणालंच नव्हतं. पिनॉकबाई जरा गोंधळल्या. कुणी मध्ये पडतंय का पाहिलं. कुणी पडलं नाही.

"ढकलगाडीचं विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "विल्फची खुर्ची न्यायची होती. पावसाने वाट मऊ झालेली. चाकाने... खराब होईल म्हणून. साहेब कुत्रा घेऊन उभे होते. मी म्हटलं, गाडी नेऊ का?"

पुन्हा थांबल्या. अधिकारी बाई वाट बघत होत्या. सगळा हॉल वाट बघत होता.

"साहेब चिडले. म्हणाले, मला काय विचारतेस, बाई? वाट काय माझी आहे? माझ्या आजोबांनाही कुणी विचारलं नाही, अन् त्यांनी कुणाला अडवलं नाही. वाट गावाची आहे. फाटक तेवढं लावून घे, माझी मेंढरं सुटतील." बाईंनी श्वास घेतला. "मग त्यांनी खुर्चीची एक बाजू धरली. ओढ्यापर्यंत. फळीवर त्यांचा पाय घसरला, ते मी... कुणाला सांगितलं नव्हतं."

मिस थॉर्न ताडकन उभी राहिली. "मॅडम, लिडियार्ड हयात नाहीत! हे फक्त यांच्या सांगण्यावर आहे!"

"परवानगी मागितली हेही फक्त यांच्याच सांगण्यावर आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "स्वतःच्या विरुद्ध जाणारा अर्धा भाग आपल्याला चालतो, मिस थॉर्न, तर उरलेलाही लिहून घ्यावा लागेल." आणि त्यांनी लिहून घेतला, शब्दन्‌शब्द.

दुपारी सगळे रानात गेलो. प्रेस्कॉटने स्वतः कुलूप काढलं, तेवढ्यापुरतं. विल्फ पुढे, काठी काखेत, कुणाचा हात न धरता. बीचच्या मुळांवर त्याचं पाऊल आपसूक उंच झालं. अधिकारी बाई त्याच्या पायांकडे बघत मागून चालल्या. फळीशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कितवं पाऊल?" तो म्हणाला, "मोजत नाही. मोजलं की पडतो." त्यांनी तेही लिहिलं.

मग सहा आठवडे काहीच नाही. बाई रोज लेनने जात होत्या आणि मी बाराच्या ठोक्याला शाळेत खिडकीबाहेर पाहत होते, उगाच. दोनदा अँब्युलन्स ऐकली, दोन्ही वेळा ती दुसऱ्याच कुणासाठी होती.

जुलैत पत्र आलं. डेरेकने ते दुकानासमोर पुकारून वाचलं. वाट सार्वजनिक. एक वार, दोन वार, तीन वार. प्रेस्कॉटच्या गड्याने साखळी काढली. या वेळी त्याच्याकडे किल्ली होती. त्याच गुरुवारी विल्फ तंबाखूला आला.

आणि शनिवारी सकाळी पिनॉकबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात कोयता आणि चामड्याचे हातमोजे.

"तुम्ही खोटं बोलाल असं मला नक्की वाटलं होतं," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फाटकापासून सुरू कर."

पाच महिन्यांत कुणी न तुडवलेल्या वाटेचं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. आज चौथा शनिवार, मी अजून ओढ्याच्या अलीकडे आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेत. विल्फ मघाशी जाताना थांबला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "पोरी, डावीकडचं राहिलं."