चुलत्यांची जाहीर नोटीस

हिर्डोशीत आमच्या घरी कुठलाच पेपर येत नाही. तरी आमची सामाईक जमीन विकायची जाहीर नोटीस चुलत्यांनी भोरच्या एका साप्ताहिकात छापली. हरकत घ्यायची मुदत टळल्यावर आम्हाला कळलं. वकील म्हणाले, "नियमाप्रमाणंच झालंय." कसला डोंबलाचा नियम! नोटीस छापली त्याच आठवड्यात हेच चुलते लेकीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन आमच्या दारात आले होते. आईच्या हातचा चहा प्यायले, पण जमिनीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी जाब विचारला तर म्हणाले, "पेपरात दिलं व्हतं की!"

"मग लग्नाचं आवतनबी पेपरातच द्यायचं व्हतं," मी ओरडलो. "मांडवात कुत्रंबी फिरकलं नसतं!"