पहिला घाव घरच्यांचा

आमच्या घरात देवापुढे कोंबडा कापायचे, आणि तो देव बुद्ध होता.

यातला पुढचा अर्धा भाग घरात फक्त मीच बोलायचे. पहिल्यांदा बोलले तेव्हा वडिलांनी अशी थोबाडीत दिली की कानातलं उडून ताटात पडलं. मी ते भातातून शोधून पुसलं, कानात घातलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मग दुसरी बसली. राग आमच्या घरात पिढीजात आहे, आणि वाटणीत माझ्या वाट्याला एवढाच आला आहे.

आमची चिकूची वाडी डहाणूच्या समुद्राकडच्या अंगाला. देवघर पडवीला लागून, आणि तिथे मधोमध हा बसलेला. वीतभर उंचीचा, मांडी घातलेला, म्हणून सगळे त्याला बैठा देव म्हणायचे. वर्षातून एकदा माघात त्याचा मान असे. वडील कोंबड्याचे पंख पायाखाली दाबायचे, डाव्या हाताने मान ताणायचे आणि कोयता एकदाच फिरवायचे. धड अंगणभर नाचत सुटायचं आणि आम्ही पोरं किंचाळत पडवीवर चढायचो. वडील रक्तात बोट बुडवून देवाच्या कपाळाला लावायचे. चिंच आणि राखेने घासून घासून त्याचं नाक सपाट झालं होतं, पण डोळ्यांत चांदी भरलेली होती. ओल्या रक्ताखाली ती चमकायची. लहानपणी मला खात्री होती की याला रक्त आवडतं.

पुढे मुंबईला एम.ए.च्या वर्गात सरांनी भिंतीवर एक चित्र दाखवलं. उजवा खांदा उघडा, लांब कानाच्या पाळ्या, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेली. ज्ञान झालं त्या वेळी भूमीला साक्षीला बोलावणारा बुद्ध, सर सांगत होते. मी उभी राहून म्हणाले, "हा आमच्या घरी आहे." वर्ग हसला. सुट्टीत घरी आले, जेवताना वडिलांना सांगितलं आणि वर सांगितलं ते झालं. बुद्ध कोण हे वडिलांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या कानाला एवढंच लागलं की पोरगी देवाला परका म्हणते आहे.

मी मात्र जन्मभर तोच विषय शिकवला. मध्ययुगातल्या धातूच्या बौद्ध मूर्ती. दगडाचा देव जागचा हलत नाही, पण वीतभर धातूचा देव भिक्षूच्या झोळीत मावतो, व्यापाऱ्याच्या गाठोड्यात मावतो. नालंदेची घडण जावाच्या मूर्तींमध्ये दिसते ती अशीच समुद्रावरून गेलेली. नेपाळचे ओतारी तिबेटच्या मठांसाठी मूर्ती ओतायचे, काश्मीरच्या मूर्ती बर्फातल्या खिंडी ओलांडून गेल्या. आमचा बैठा कुठला? डोळ्यांतली चांदी पाहून मला तो गुजरातकडचा वाटतो. तिकडच्या जैन मूर्तींना तसेच डोळे असतात, आणि ओतणारे हात बहुधा तेच. पण छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पाठीवर कोरलेली अक्षरं आमच्या बायकांनी राखेने पार घासून टाकली होती.

त्याच्यामागची प्रभावळ गेलेली, खालचं सिंहाचं आसनही गेलेलं. ही तोडफोड कशी झाली असेल हे मी वर्गात फार रंगवून सांगायचे. लुटारू, घोडे, घण, आगीत वितळणारे हात. पोरं वह्या सोडून ऐकायची. स्वतःच्या घरातला बुद्ध मी कधी नाव घेऊन सांगितला नाही, पण मनात तोच असायचा. बाहेरून आलेल्यांनी तो तोडला आणि आमच्या पूर्वजांनी उचलून जपला, असं मी धरून चालले होते.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा त्यांच्याजवळ हे बोलून गेले. ते हसले. म्हणाले, "कसले लुटारू? आसन रानशेतला गेलं. मागची कमान माझ्या आजाच्या भावानं नेली."

आमच्या घराण्याची रीत अशी: भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या पेटल्या, की देव मोठ्याकडे राहतो. धाकट्याने नवा टाक करून घ्यायचा. टाक म्हणजे देवाचा ठसा उठवलेला धातूचा पत्रा, तळहाताहून लहान. पण त्या नव्या धातूत जुन्या देवाचा तुकडा पडलाच पाहिजे. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे.

मी दुसऱ्याच दिवशी रानशेतला त्या भावकीच्या घरी गेले. त्यांनी कौतुकाने देव्हारा उघडला. टाकावर घोडेस्वार होता, हातात तलवार, आमच्याकडच्या कुठल्याही टाकावर असतो तसा. मी तो हातात घेतला. आमच्या बुद्धाचे सिंह यात वितळलेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला इतका संताप आला की चहा तसाच सोडून मी निघाले. बाहेर येऊन मी त्यांच्या कुंपणाला लाथ घातली, पाय दुखावला आणि आणखी चिडले.

वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. धाकटा राहतो वेवजीला, जिथे महाराष्ट्र कुठल्या घराशी संपतो हे पाहुण्याला सांगूनही कळत नाही. त्याची बायको पलीकडच्या गावची, गुजराती बोलणारी, आणि त्यांच्या घरात मांसमच्छी शिजत नाही. लग्नाची हळद आधी देवाला लागते, मग मुलीला. घरात घराण्याचा देव नसेल तर हळद कुणाला लावणार? म्हणून धाकटा डहाणूला आला, अंगणात उभा राहिला आणि थोरल्या भावाकडे, आमच्या दादाकडे, देवाचा तुकडा मागितला.

दादा नारळ सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या घरात कोंबडं कापत नाय. देव उपाशी मरल तिथं."

"दादा, पोरीची हळद हाय."

"मग घे सासरवाडीचा देव. तो खातो ना गूळपोहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पडवीतून ओरडले, "अरे मूर्खा, हा कोंबडं खाणारा देवच नाही! तो सगळं सोडून गेलेला माणूस आहे. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या तोंडाला रक्त फासताय!"

"तू गप. तू परकी," दादा म्हणाला.

धाकटा देवघराकडे निघाला. दादा आडवा आला. धाकट्याने त्याला ढकललं आणि दादा नारळाच्या ढिगात पाठीवर आपटला. उठला तो हातात कोयता घेऊनच. वहिनी किंचाळली. धाकट्याने डोक्यावर हात घेतला आणि कोयत्याची बोथट बाजू त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला. वाळकी काठी मोडावी तसा. दादाने धार वळवली असती की नाही, हे मला अजून माहीत नाही. त्याने कोयता पुन्हा उचलला तेव्हा माझ्या हाताशी पाण्याचा भरला तांब्या होता. मी तो फेकला. दादाची भुवई फुटली, रक्त डोळ्यांत उतरलं आणि तो आंधळ्यासारखा हात फिरवत खाली बसला.

वहिनी पदराने त्याची जखम दाबत होती. मी देवघरात शिरले. लग्न झालेल्या मुलीने त्या देवाला हात लावायचा नसतो. मी त्याला उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि धाकट्याला ओढत रस्त्यावर रिक्षात घातलं. मागून दादा ओरडत होता, "धरा तिला! परकीनं देव नेला!"

डहाणूत डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं, कसं झालं. धाकटा म्हणाला, "माडावरनं पडलो." उजवा हात कोपरापर्यंत पांढरा करून तो बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. देव माझ्या मांडीवर होता.

मी मनाशी ठरवलं होतं. तिथून थेट मुंबई, संग्रहालयात. पुरातन वस्तूंचा कायदा मी शिकवला आहे. हा तोडणं गुन्हा आहे, लपवणंही आहे. आता त्याला काच, कुलूप, नावाची पाटी मिळेल, आणि कुणी घाव घालणार नाही. मी धाकट्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तू पण मला तुकडा देणार नाय."

"तुकडा नाही रे, अख्खा वाचवतेय मी त्याला."

"दादा पण हेच बोलतो. देव वाचवतोय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू दादाचीच बहीण. माझी कुणी नाय."

त्याला मारावंसं वाटलं. मोडक्या हाताच्या माणसाला मारता येत नाही म्हणून मी बाकावर मूठ आपटली. मग मुंबईऐवजी आम्ही तलासरीची एस.टी. पकडली आणि तिथून वेवजीला गेलो.

ओताऱ्याचं छप्पर रस्त्याला लागून होतं. घंटा, समया, पितळी पाय. भट्टी पेटलेली होती आणि मूस लाल झाली होती. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. त्याने टॉवेल उघडून देव उलटा केला, सुलटा केला.

"आमां, ह्यात काय उरलंय कापायला?" तो म्हणाला.

खरंच काही उरलं नव्हतं. आसन गेलं, प्रभावळ गेली. आधीच्यांनी बाजूबाजूचं नेलं होतं, आता फक्त अंग राहिलं होतं. धडाला हात लावला तर धड तडकलं असतं. सुटा असा एकच भाग होता, गुडघ्यावरून खाली आलेला उजवा हात.

"पेलो घाव घरच्यांनी घालायचा," ओतारी म्हणाला. "मी घालीन तर पाप माझ्या माथी. मग पुढचं मी करीन."

धाकट्याने प्लास्टर पुढे केलं. ओताऱ्याने मान हलवली. डाव्या हाताने छन्नी आणि हातोडा दोन्ही धरता येत नाहीत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आ बेन तर परणून गेलेली, लगीन झालेली. परकी."

"ती घरचीच हाय," धाकटा म्हणाला.

एवढंच. घरात हे वाक्य माझ्याबद्दल आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

मी छन्नी घेतली. ओताऱ्याने देवाला रिकाम्या पोत्यावर दाबून धरलं. ज्या हातावरून मी त्याला ओळखलं होतं, त्याच हाताच्या मनगटावर मी धार ठेवली आणि हातोडा मारला. पहिला घाव घसरला आणि मांडीवर पिवळा ओरखडा उठला. दुसरा बसला. ओतारी म्हणाला, पुरे, आता मी करतो. मी थांबले नाही. वडिलांच्या थोबाडीत मारावं तसा मारला, दादाच्या कोयत्यावर मारावा तसा मारला, वर्गातल्या माझ्या त्या घोडेस्वारांवर मारला. शेवटच्या घावाला बोटं गुडघ्यापासून सुटून मातीत पडली. मी हातोडा फेकला आणि तिथेच ओकले.

धाकट्याने बोटं उचलून कपाळाला लावली आणि मुशीत टाकली. ती आधी लाल झाली, मग त्यांची टोकं गोल झाली, मग बोटं राहिली नाहीत. वरून ओताऱ्याने नवं पितळ टाकलं. सायंकाळपर्यंत टाक तयार झाला. ठसा त्याच्याकडे एकच होता, घोडेस्वाराचा.

हळद झाली, लग्नही झालं. मग मी देव घेऊन डहाणूला गेले. पळून गेले असते तर दादा आयुष्यभर मला चोर म्हणाला असता, आणि ते मी ऐकून घेतलं नसतं. दादा अंगणात होता. भुवईवर टाके, डोळा काळानिळा. मी टॉवेल उघडला. त्याने देव हातात घेतला आणि तुटलेल्या मनगटावर अंगठा फिरवला. बाकीचा देव काळा पडलेला आणि तेवढीच जागा लखलखीत पिवळी.

"घाव कुणी घातला?"

"मी."

मी तयारीत होते. तो हात उगारेल, मीही उगारीन. त्याने देव पडवीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, "आणि तुझा तुकडा कुठाय?"

मला कळेना. "कसला माझा?"

"घाव घातलास ना? मग तुझा वाटा नाय घेतलास?"

"मला तुकडा नको होता, दादा," मी म्हणाले. "मला तो अख्खा हवा होता."

"आख्खा कधी होता तो आपल्याकडं?"

मी त्याच्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, जोर लावून, रडत. त्याने मला धरलं नाही आणि तो मागेही सरला नाही. माझे हात थकेपर्यंत तो तसाच उभा राहिला.