हीटर काढू दिला नाही

बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात मी नेवाशाजवळच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते, आणि दवाखान्याची गाडीही मीच चालवत होते. आधीचा ड्रायव्हर नागापूरला कारखान्यात लागला होता. नवा मिळेना, तेव्हा मी सांगितलं, मला येते. दवाखाना सुरू करणाऱ्या परदेशी डॉक्टरीणबाई मायदेशी परतल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी मला गाडी शिकवली आणि ती लांबलचक विलायती गाडी दवाखान्याला ठेवून गेल्या. बाई गाडी चालवते म्हणून फाट्यावरची माणसं चहाचा कप खाली ठेवून बघत उभी राहायची. मी हॉर्न वाजवून पुढे जायची.

डिसेंबरात वेळेआधी जन्मलेलं एक बाळ मी नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले. हीटरचा खटका दाबला तर थंडगार वारा आला. पंखा फिरत होता, पण ऊब नव्हती. बाळाशेजारची गरम पाण्याची पिशवी घोडेगावच्या पुढे निवाली. बाळाच्या आजीने गाठोड्यातलं लुगडं, माझा स्वेटर, सगळं त्याला गुंडाळलं. पोचलो तेव्हा बाळाचे पाय बर्फासारखे होते. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

"तसंही जगणं कठीणच होतं," सगळे म्हणाले. ते 'तसंही' मी आजतागायत मानलेलं नाही.

मी आमच्या मुख्य डॉक्टरांकडे गेले. "साहेब, हीटर दुरुस्त करायचा आहे."

"आपण काय हिमालयात राहतो, सिस्टर? ती चैन आहे. पाईप कापून तो डबा काढून टाकायला सांगा, जागा तरी होईल."

"बाळाला घेऊन गाडीत तुम्ही बसत नाही, मी आणि त्याची आई बसतो. हीटर निघणार नाही."

"तुम्ही नर्स आहात, मेकॅनिक नाही."

"ड्रायव्हरही नव्हतेच की." एवढं बोलून मी गाडीच्या चाव्या एप्रनच्या खिशात टाकल्या आणि बाहेर पडले.

फाट्यावरच्या मेकॅनिकलाही काढून टाकणंच सोपं वाटत होतं. "बाई, आपल्याकडं हीटर कुनाला लागतुया? उगं पानी गळायचं त्यातून."

"गळू द्या. बॉनेट उघडा."

हीटर कसा चालतो ते डॉक्टरीणबाईंनी मला एकदा दाखवलं होतं. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी पाईपमधून हीटरच्या डब्यात जातं, दुसऱ्यातून परत येतं, आणि पंखा त्या डब्यावरून हवा फुंकतो. आम्ही गाडी चालू ठेवली आणि मी दोन्ही पाईपांना हात लावून पाहिलं. एक ऊन लागत होता, दुसरा गार. म्हणजे पाणी आत शिरत होतं, बाहेर पडत नव्हतं. डबा तुंबला होता. उन्हाळाभर विहिरीच्या तळाचं खारट, गढूळ पाणी गाडीत ओतलं होतं, दुसरं होतं कुठे?

मेकॅनिकला घेऊन गाडी दवाखान्यात आणली. पाईप सोडवून उलट्या बाजूने पाणी सोडायचं ठरवलं, पण तेवढा जोर कशाने आणायचा? मी एनिमाचा डबा सलाइनच्या स्टँडवर उंच टांगला आणि त्याची नळी पाईपला जोडली. मेकॅनिक तोंडाला रुमाल लावून हसत होता. मग दुसऱ्या टोकातून तांबडा चिखल आणि क्षाराचे पोपडे पडायला लागले, तसा तो हसायचा थांबून बादली धरून बसला. पाणी उधळायची सोय नव्हती. तेच पाणी गॉजच्या चार पदरांतून गाळून आम्ही परत परत ओतलं.

साहेब व्हरांड्यात येऊन उभे राहिले. "हा एनिमाचा डबा पुन्हा वॉर्डात न्यायचा नाही."

"नेणार नाही. नवा मागवा."

पाईप जोडून गाडी सुरू केली. वारा कोमट झाला, पण नुसताच कोमट. इंजिनच पुरेसं तापत नव्हतं. मी मेकॅनिककडे पाहिलं. त्याने मान खाजवली.

"गार इंजिनात पानी अडवायची एक झडप आसती. ती मीच काढली हुती उन्हाळ्यात. गाडी लई तापायची ना."

"मग बसवा परत."

"फेकली की. आन इलायती गाडीची झडप हितं कुठं घावायची?"

सलाइनच्या बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा मी कापला आणि रेडिएटरच्या पुढे सुतळीने बांधला. अर्धा भाग झाकला, म्हणजे थंड वारा थेट लागणार नाही.

"इंजिन जाईल, बाई!"

"तापमानाच्या काट्यावर मी लक्ष ठेवीन. तुम्ही गाठ घट्ट मारा."

जानेवारीत एका सकाळी तसंच दुसरं बाळ आलं, मुलगी, माझ्या तळहातापेक्षा जरा मोठी. आई आणि सासू मागे बसल्या. घोडेगाव येईपर्यंत गाडीत अशी ऊब झाली की सासूने घोंगडी काढून ठेवली. "बाई, काच उघडा की वाईच, जीव घाबरतोय माझा."

"तुमचा घाबरू द्या, मावशी. काच उघडणार नाही."

इमामपूरच्या घाटात काटा वर चढला. मी गाडी कडेला घेतली, पुठ्ठा वरून दुमडला, काटा खाली येईपर्यंत थांबले आणि निघाले. नगरला बाळाचे पाय हातात घेतले तेव्हा ते उबदार होते. ती जगली.

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, "आणि घाटात इंजिन जळलं असतं तर?"

"तर तुम्ही मला कामावरून काढलं असतं."

मी फडकं घेऊन गाडी पुसायला गेले.