विळीवर चिरलेलं ऑर्किड

माझ्या मेहुणीच्या मुलीचं ठरलेलं लग्न मी एकदा स्वयंपाकघरातल्या विळीवर जवळजवळ चिरून टाकलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पेणला रामवाडीत राहत होतो. शैलाची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण सुमनताई रोह्याला असे. तिच्या मीनलचा साखरपुडा रोह्यातल्याच ठाकुरांच्या मुलाशी झाला. ठाकूर म्हणजे ऑर्किडवेडा माणूस! त्यांनी होणाऱ्या सुनेला स्वतः वाढवलेलं जांभळ्या फुलांचं ऑर्किड दिलं आणि सांगितलं, "ही आमच्या घराची ठेव. जप." उन्हाळ्यात सुमनताई सगळ्यांना घेऊन बडोद्याला दिराकडे निघाली, तेव्हा ती ठेव मांडीवर घेऊन रोह्याहून गाडीने आली आणि आमच्या ओटीवर ठेवून गेली.

"भावोजी, फक्त पाणी शिंपडायचं. बाकी काऽही करायचं नाही."

"ताई, निर्धास्त जा!"

(काही न करणं हे एकच काम मला आजवर जमलेलं नाही.)

झाडाला कुंडी अपुरी पडत होती. बोटाएवढ्या जाड कांड्या काठावरून बाहेर झुकल्या होत्या. ऑर्किडची वाटणी केली की नवे कोंब फुटतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. (अर्धंच वाचलं होतं, हे नंतर कळलं.) एका झाडाची पाच करून दिली तर ठाकूर मला मिठीच मारतील!

"अहो, ताईने काय सांगितलंय?" शैला ओरडली.

"ऊस कसा लावतात? कांडी तोडायची, पुरायची. तेच हे!"

चाकू चालेना, म्हणून विळी घेतली. एकेक कांडी सुटी केली आणि परसातली काळीभोर माती भरून वेगवेगळ्या कुंड्यांत खोल पुरली.

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. मग गळाली. कोंब फुटतोय का, हे पाहायला मी रोज सकाळी कांड्या उपसत होतो आणि पुन्हा पुरत होतो. एक कांडी तर हातातच पिचकली. शैलाने बोलणं बंद केलं. (एरवी मी पेढे वाटले असते!)

आणि एके दिवशी एका कुंडीतून हिरवागार, टोकदार कोंब वर आला!

शेजारच्या कडूकाकू धावत आल्या. "गो शैला, आला गो कोंब! कवरा जोमदार हाय बघ! नजर लागंल, काला धागा बांध!"

धागा बांधला. मी त्या कोंबाला दूधपाणी घालायचंच काय ते बाकी ठेवलं.

तेवढ्यात कडूकाकूंच्या घरी सुमनताईचा फोन आला. "भावोजी, आम्ही परतलो. ठाकूर उद्या गणपतीची मूर्ती सांगायला पेणला येतायत. मीही येतेय. झाड बघायचंय त्यांना."

एकच मार्ग दिसला: सगळ्या कांड्या जुन्या कुंडीत पुन्हा गोळा करायच्या! सुतळीने बांधल्या, मधोमध तो कोंब रोवला, वरून काथ्या पसरला. लांबून झाड अगदी पूर्वीसारखं दिसत होतं. (फार लांबून. पुढच्या कासू स्टेशनवरून, समजा.)

ठाकूर आले. कोकम सरबत घेतलं, ओटीवर गेले आणि हलकेच एक कांडी चाचपली. ती सरळ त्यांच्या हातात आली.

सुमनताईने भिंत धरली.

"पण... पण हा कोंब बघा ना!" मी किंचाळलो.

ठाकुरांनी चष्मा पुसला. कोंबाचं पान चुरगाळून हुंगलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "प्रभाकरराव, ही हळद आहे."

माती मी हळदीच्या वाफ्यातली आणली होती!

सुमनताईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आता हे उठणार, चपला घालणार आणि लग्न मोडणार! पण ठाकूर उठले नाहीत. खाली मांडी घालून त्यांनी सुतळी सोडली, कांड्या धुतल्या.

"सुटी सुटी कांडी करायची नाही. तीन-चार एकत्र ठेवायच्या. जुनी कांडी नव्या कोंबाला पोसते. हा बुडाचा फुगवटा दिसतो? हा डोळा. कोंब इथून फुटतो. मातीत पुरलात की तो कुजतो. आणि कोंबाला स्वतःची मुळं फुटेपर्यंत त्याला हलवायचं नाही."

"मी रोज उपसत होतो..." मी पुटपुटलो.

त्यांनी डोळे मिटले. (मला वाटलं, गेले!) मग गदागदा हसू लागले. "एवढा छळ सोसून दोन कांड्या हिरव्या राहिल्या म्हणजे झाड सुनेसारखंच चिवट दिसतंय!" सुमनताईने भिंत सोडली.

त्या दोन कांड्या त्यांनी नारळाच्या काथ्याळ सोडणाला बांधून रोह्याला नेल्या. पावसाळ्यात बुडाशी खराखुरा कोंब आला, असा निरोप आला. बघायला मात्र मला कोणी बोलावलं नाही.

दिवाळीनंतर मीनलचं लग्न थाटात झालं. दमलो म्हणून मी मंडपाच्या दारातल्या केळीच्या खांबाला नुसता टेकलो, तर ठाकूर हातातल्या अक्षता टाकून धावत आले. "प्रभाकरराव, हात मागे! अहो, मुहूर्तापर्यंत तरी ही केळ टिकायला हवी!"