आत्याने जपलेले आपले दात

दात पडला की आपण तो धाब्यावर फेकायचो, आठवतंय? आपल्या प्रकाशा गावात तेव्हा बहुतेक घरांना मातीचं सपाट छप्पर, तेच धाबं. पाठमोरं उभं राहून डोक्यावरून भिरकावायचा...

परवा ताराआत्याची ट्रंक उघडली आणि ते दात सापडले. एकोणीस पुड्या... प्रत्येकीवर आत्याच्या अक्षरात नाव, वय, आणि गाईचं दूध की म्हशीचं.

नव्या मंडळींसाठी सांगते. आत्या कथा लिहायची, पुण्याच्या मासिकांत छापून यायच्या. साठ सालाच्या आसपास तिने वाचलं, की अणुबॉम्बच्या चाचण्यांची धूळ वाऱ्याने दूर जाऊन गवतावर पडते, आणि दुधातून मुलांच्या हाडांत उतरते. परदेशात आया मुलांचे पडलेले दात तपासायला देतात, हेही वाचलं. अर्धी झालेली कादंबरी बाजूला ठेवून ती दारोदार दात मागत फिरू लागली...

शेजारची जमनाकाकू, म्हणजे आपल्या सुमनची आई, चिडलीच. "पोरेसना दात तुले कसाले जोयजेत? धाबावर नही गया ते नवा कसा येई?"

"त्यासना हाडेसमा बॉम्बनी धूय शे का, ते देखनं शे," आत्या म्हणाली. काकूने एकदम मागे वळून पाहिलं. सुमन तेव्हा ओट्यावर दूधच पीत होती.

मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेले, माझाही दात हलत होता. आत्याला दिला आणि नवा आलाच नाही तर... या धास्तीने मी तोंडच उघडेना.

मार्ग काकूनेच काढला. आधी पोरांनी दात धाब्यावर फेकायचा, मग आत्याने शिडीने चढून तो वेचायचा! भर उन्हात पदर खोचून आत्या वर दात शोधतेय, आणि शिडी धरलेली काकू खालून बजावतेय, मन्हा मिरच्यासवर पाय नको देजो...

आत्याने बऱ्याच ठिकाणी पत्रं लिहिली. काहींची उत्तरं आली, पण दात तपासायची सोय कुणाकडेच नव्हती. ती पुन्हा दारोदार गेली, या वेळी दात तपासून मिळणार नाहीत हे सांगायला. आता बायका हसणार, असं तिला वाटत होतं.

काकू एवढंच म्हणाली, "आमना पोरेससाठे इचारं तरी कोन्ही? तूच ना."

कादंबरी पुढे अर्धीच राहिली. बॉम्बविरुद्ध मात्र आत्या शेवटपर्यंत लिहीत राहिली... आपल्या हाडांची इतकी काळजी कुणीतरी केली, याचं ऋण मला आज कळतंय.

पुड्यांखाली तिची चिठ्ठी होती, ज्याचे त्याला द्यावेत. तर ऐका. शहाद्याच्या मंडळींनी आपापली पुडी माझ्या भाचीकडून घ्यावी. जे आता नाहीत, त्यांची त्यांच्या मुलांनी न्यावी, वरचं नाव वाचून दाखवून. पत्रं आणि कादंबरीची वही प्रकाशाच्या शाळेला.

सुमन, तुझे दोन आहेत. ते पोस्टाने पाठवणार नाही... गुडघे दुखतात तुझे, मीच घेऊन येते.