पाण्याला भिणारी बाई

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा नदीत होतो. डोक्यावर थोडं पाणी शिंपडून भागवणाऱ्या मंडळ्याही आहेत, आणि मी कित्येक वर्षं त्यांचा मनापासून हेवा केला. आमच्याकडे भात कापून झाला, की थंडीतल्या एका रविवारी सगळे रंगावली नदीच्या बंधाऱ्यावर जमतात. पाळकसाहेब छातीइतक्या पाण्यात उभे राहतात आणि एकेकाला अख्खं, केसांसकट, पाण्याखाली घालून वर काढतात. काठावर ढोल वाजतो, आमच्या बोलीतली गाणी होतात, आणि मग कोंबडीचा रस्सा आणि भात. त्या रस्स्याला मी दरवर्षी हजर असे. पाण्यात मात्र कधी उतरले नाही.

लहानपणी नदीवर कपडे धुताना माझा पाय घसरला होता. आत्याने वेणीला धरून ओढलं म्हणून वाचले. तेव्हापासून डोक्यावर तांब्याभर पाणी एकदम ओतलं तरी माझा जीव घाबरा होतो. नाक-तोंड बुडवायचं म्हटलं की मी सबब शोधायची. मग एका वर्षी मला खोकला, एका वर्षी मी पोटुशी, एका वर्षी मळणी राहिलेली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझी तर नदीच वाकडी होती.

नवऱ्याला माझी दया आली. आमची नवापूरजवळ छोटी पोल्ट्री आहे. तिथला पाण्याचा निळा ड्रम बाप्तिस्म्याला चालेल का, असं त्याने पाळकसाहेबांना खरोखर विचारलं. साहेबांनी आधी ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अंगाने चांगलीच भरलेली. ते म्हणाले, "आत जातील हो त्या. बाहेर कशा काढायच्या?" हे ऐकून सासूबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसल्या.

कुणी जबरदस्ती करत नव्हतं. आमच्या घरात आजोबांपासून सगळे प्रभूला मानणारे, मीही रोज प्रार्थना करणारी. पण पोरं मोठी झाली, हात मोकळे झाले, आणि देवाचं काहीतरी काम आपल्या हातून व्हावं अशी ओढ मला लागली. गाण्याच्या गटात गेले, तर माझ्यामुळे ढोलवाला चुकायला लागला. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला बसले, तर माझ्या आवाजाने लहानगी रडायला लागली. मग कोंबड्यांना दाणा घालता घालता मी विचारायची, "प्रभू, माझ्याकडून तुला काय हवंय, ते एकदा सांग." दर वेळी मनात तेच यायचं: आधी पाण्यात उतर.

मी म्हणायची, ते सोडून दुसरं काही सांग. बाजारात वांग्यांसाठी करतात तशी देवाशी घासाघीस केली. तो काही भाव उतरवेना. एका सकाळी मला माझंच हसू आलं. सुनेला अंगण झाडायला सांगावं, आणि तिने झाडूला हात न लावता सारखं "आई, आता काय करू?" विचारत मागे फिरावं, तर मी तिला काय म्हणाले असते? जे म्हणाले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच दिवशी मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं, की या वर्षी मी उतरणार.

बंधाऱ्यावर बायकांनी कपडे बदलायला चादरी धरल्या होत्या. मी मुद्दाम रांगेत शेवटून दुसरी उभी राहिले. पण माझ्या पुढची बाई घाबरली. ती नंदुरबारकडची, आमच्या गावात अंगणवाडीत नोकरीला आलेली. गुडघाभर पाण्यात गेली आणि रडत परत फिरली, ती थेट रांगेच्या शेवटी जाऊन बसली. आता आडोसा उरला नाही. जीव मुठीत धरून मी निघाले.

पाणी बर्फासारखं गार होतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, डोळे मिटा, श्वास धरा, मी आहे." मी डोळे मिटले, श्वास धरला आणि साहेबांची मानही धरली. त्यांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मला मागे वाकवलं. मी मान सोडली नाही. आम्ही दोघंही खाली गेलो.

वर आलो तेव्हा ढोल थांबला होता. साहेबांचा चष्मा नदीने नेला होता. काठावरून एका वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, "पाळकसाहेब, तुमचा हा दुसरा बाप्तिस्मा का?" अख्खा बंधारा हसायला लागला. मी खोकत होते, नाकातून पाणी येत होतं आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते. इतकी हलकी मी आयुष्यात कधी झाले नव्हते. जे करायचं होतं ते झालं होतं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अजून दर नाताळला फिरतो, आणि मीही तो बघते.

चादरीमागे जाऊन मी कोरडी साडी नेसत होते, तेवढ्यात ती अंगणवाडीची बाई आत आली. रडून आणि हसून तिचे डोळे लाल झाले होते. म्हणाली, "मी जास पाण्यामा. पन ताई, तुम्ही मन्हा संगे या."

नुकती अंगात ऊब येत होती. एकदा भागलं ना देवा, असं अगदी ओठावर आलं होतं. पण चादरीच्या फटीतून पाळकसाहेब दिसले. बिनचष्म्याचे, कुडकुडत, ते पाण्यातच थांबले होते. मी पदर खोचला आणि कोरड्या साडीनिशी पुन्हा नदीत उतरले.

तिने माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. "ताई, माले भ्याव वाटस. तुम्हले नही वाटत का?"

"वाटतं ना. खूप वाटतं. धर मला घट्ट." माझे दात वाजत होते, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. ती खाली गेली, वर आली आणि माझ्या गळ्यात पडून मोठ्याने गायला लागली.

तेव्हापासून बाप्तिस्म्याच्या रविवारी बायकांजवळ पाण्यात मी उभी असते. मध्ये मी साहेबांना म्हणाले, हे काम पोहता येणाऱ्या बाईला द्या. त्यांनी आमच्यातली एक पट्टीची पोहणारी उभी करून पाहिली. ती निवांत हसत हात पुढे करी, आणि घाबरलेल्या पोरी काठावरूनच मागे सरकत. मला बोलावणं आलं. भीती काढून टाक म्हणून मी देवाला किती विनवलं असेल. त्याने ती काढली नाही, कामाला लावली. पाण्यात उतरणाऱ्या पोरींना माझाच हात हवा असतो, कारण तोही थरथरत असतो.