ओंडक्याच्या पोटात

पंचवटीतल्या वखारीत झुंबरचा जन्म लाकूड कापण्यात गेला. एकोणऐंशी साली कळवणकडच्या त्याच्याच गावातून, वेशीवरच्या चिंचेचा चौकोनी ओंडका आला. कडा, कोपरे, सहाही बाजू लख्ख. पण पहिल्या फळीवर तिळाएवढा काळा डाग निघाला, दुसरीवर रुपयाएवढा, तिसरीवर वाटीएवढा. पोटात खिळा होता.

झुंबर करवत बंद करायला धावला. थोरला भाऊ तापानं गेला, तेव्हा भगतानं तो ताप खिळा ठोकून त्याच चिंचेत बांधला होता. आई म्हणायची, “खिळा निघाला तं ताप आपलंच घर हुडकीत येईल.”

त्यानं बटण दाबेपर्यंत करवत लोखंडाला लागलीच.

तेवढ्यात बायको, चांगुणा, डबा घेऊन आली. डबा घेताना तिचा हात लागला. नुसता विस्तव.